साडूपेक्षा वीतभर वर

घर म्हणजे माणसाच्या अंतरंगाचं बाहेर दिसणारं रूप. त्याच्या जोत्यावरून त्याच्या विचारांची उंची कळते आणि त्याच्या दारावरून त्याच्या मनाची रुंदी, असं सुंदररावांनी बीडच्या जालना रोडवरच्या त्या लहानशा ऑफिसात, फिरत्या खुर्चीसमोरच्या न फिरणाऱ्या खुर्चीत बसून, सावकाश आणि स्पष्ट शब्दांत सांगितलं. राजनंदिनी मॅडमनी मान हलवली. त्या इंजिनिअर होत्या, वयानं सुंदररावांच्या मुलीएवढ्या, आणि गुत्तेदारानं टाईप करून आणलेला घरबांधणीचा करारनामा त्यांच्या हातात होता. "बरोबर आहे काका," त्या म्हणाल्या. "पण हे विजयसिंह कोण? करारात तिसरे पक्षकार आहेत का?"

सुंदररावांना पहिल्यांदा प्रश्न कळलाच नाही. मग कळला, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ऑफिसात कूलर चालू होता, त्याच्या ओल्या वाळ्याचा वास येत होता, तरी पाळ्या गरमच राहिल्या. शेजारच्या खुर्चीत त्यांच्या पत्नी गीताबाई मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पिशवीचा बंद एकदा सोडला आणि परत बांधला. विजयसिंह कोण, हे त्या सांगू शकल्या असत्या. धाकट्या बहिणीचा नवरा, एवढंच सांगायचं होतं. मॅडमनी चष्मा सारखा केला आणि मोठ्यानं वाचायला घेतलं, कोर्टात वाचतात तसं. जोतं, श्री. विजयसिंह यांच्या घाटनांदूर येथील घराच्या जोत्यापेक्षा वीतभर वर. पोर्चचे खांब, सदर घराच्या खांबांहून जाड. फरशी, सदर घरापेक्षा चकचकीत. जिन्याचा कठडा, सदर घराला आहे त्याहून भारी. रंग, सदर घराहून वेगळा, पण पाहताक्षणी उठून दिसणारा. लिहून घेताना ही वाक्यं सुंदररावांना तांत्रिक वाटली होती. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्यांना असं वाटलं, की आपण अंघोळ करताना काहीतरी पुटपुटत होतो आणि बाहेर कुणीतरी ते रेकॉर्ड करून घेतलं.

"काका, चकचकीत हे माप नाही," मॅडम म्हणाल्या. "भारी पण नाही. उद्या तुमचं आणि गुत्तेदाराचं वाजलं, तर कोर्ट काय घाटनांदूरला जाऊन खांबांना मिठी मारून बघणार? आणि समजा त्या विजयसिंहांनी उद्या फरशी बदलली. मग तुमची पण बदलून द्यायची का गुत्तेदारानं?"

हा विचार सुंदररावांना सुचला नव्हता आणि क्षणभर तो फार आवडला. विजयसिंह फरशी बदलताहेत, इकडे आपोआप आपली बदलली जातेय, ते थकून थांबले की आपणही थांबतोय, पण वीतभर वरच. असा करार जन्मभर पुरला असता. मग मॅडम आपल्याकडे बघताहेत हे लक्षात आल्यावर त्यांनी चेहरा गंभीर केला आणि नमुन्याची पद्धत समजावून सांगितली. आपल्याकडे घर नकाशावरून कोण बांधतं? गुत्तेदार विचारतो, कुणावानी पायजे? माणूस सांगतो, अमक्यावानी. सगळा गाव असाच बांधला गेलाय, एकाचं बघून दुसरा. आता हा आसाराम, ज्याला गुत्तं द्यायचं चाललंय, त्यानंच विजयसिंहांचं घर बांधलं, म्हणून नमुना म्हणून ते घर, इतकंच. यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. आसारामनं विचारलं तेव्हाही ते इतकंच म्हणाले होते, आमच्या साडूंच्या घरावानी, पण... आणि पणच्या पुढे काय म्हणायचं ते त्यांना ठरवता येईना. आसाराम जुना गुत्तेदार. त्याच्याकडे येणारा प्रत्येक जण कुणाचा तरी साडू, भाऊबंद नाहीतर शेजारी असतो. पणच्या पुढचं त्यानंच भरलं होतं. "कळलं साहेब. सुपर करायचं."

"काकू, तुम्हाला पायऱ्या चढता येतात का?" मॅडमनी एकदम गीताबाईंना विचारलं.

"चढते की. एकेक. कठड्याला धरून."

"गुडघे?"

"दोन्ही," गीताबाई म्हणाल्या, जणू कुणी पोरं किती असं विचारलं होतं.

मॅडमनी कागद टेबलावर ठेवला. यावर सही करू नका, असं त्यांनी साध्या आवाजात सांगितलं. मी नकाशा काढते. प्रत्येक वस्तूचं माप आणि प्रत लिहून देते, काम कोणकोणत्या टप्प्यानं होणार, उशीर झाला तर काय, तडा गेला तर तो कुणी बुजवायचा, सगळं. त्यावर दोघांनी सह्या करा. आणि या उंचीचं जोतं काकूंसाठी नाही. त्या एकदा घरात गेल्या की बाहेर यायला कंटाळतील, आणि बाहेर आल्या की आत जायला. सुंदरराव म्हणाले, जोतं पावसाच्या पाण्यासाठी वर घेतलंय. "तुमचा प्लॉट टेकावर आहे, काका," मॅडम म्हणाल्या. "पाणी खाली जातं." सुंदरराव विचार करून सांगतो म्हणाले. मोठ्या पदावरचे लोक असंच म्हणतात, हे त्यांनी साखर कारखान्याच्या नोकरीत आयुष्यभर पाहिलं होतं.

खरं म्हणजे सल्ला घ्यायची कल्पना त्यांची नव्हतीच. धोंड्याचा महिना लागला होता. अधिक महिन्यात पाया खोदत नाहीत, कुदळ मारत नाहीत. जावयांना बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात आणि ओवाळतात, एवढंच काय ते शुभकार्य. गीताबाई म्हणाल्या होत्या, "तसंबी कायच करता येत न्हाई, तर कुणाला तरी इचारून तरी घ्या." सल्ला घ्यायला मुहूर्त लागत नाही, हे सुंदररावांना पटलं. शिवाय, आपला करार वाचून कुणाला काही सुचवण्यासारखं उरेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. मॅडम म्हणतील, वा काका, इतकं बारकाईनं मी कुणी लिहिलेलं पाहिलं नाही. तसं त्या वेगळ्या अर्थानं म्हणाल्याच होत्या.

धोंड्याचं आमंत्रण घाटनांदूरचंच होतं. सासूबाई, साखराबाई, म्हातारपणी धाकट्या लेकीकडे, म्हणजे वनमालाकडे, म्हणजे विजयसिंहांकडे राहत होत्या. त्यांना मुलगा नव्हता. तेव्हा दोन्ही जावयांना ओवाळायचं तर ते एका जावयाच्या घरातच ओवाळणं भाग होतं, आणि तो जावई आपण नाही, हे सुंदररावांना एसटीत बसल्यावर मांजरसुंब्यापर्यंत पुरलं. खिडकीच्या पत्र्याला हात लागला की चटका बसत होता. बाहेर नांगरून पडलेली काळी रानं, मध्येच एखादं हिरवं कडवळ, त्यावर उभा बगळा. गीताबाईंना बायकांचं अर्धं तिकीट होतं, त्यांना पूर्ण. कंडक्टरनं दोन्ही तिकिटं त्यांच्याच हातात दिली, आणि त्या दोन चिठ्ठ्यांकडे बघताना आपल्याला आपल्या बायकोच्या अर्ध्या तिकिटाचाही थोडा राग येतोय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तिकिटं वरच्या खिशात ठेवली. खालच्या खिशात मोजपट्टी होती, सोडली की आपोआप गुंडाळली जाणारी. मॅडम म्हणाल्या होत्या ना, आकडे लिहा. तुलना चालत नाही तर आकडे आणू. साडूच्या घराची मापं घ्यायची, त्यांत वीतभर मिळवायचं, आणि विजयसिंहांचं नाव वगळायचं. नाव गेल्यावर त्यात काय राहतं? नुसतं बांधकाम.

नाव गेल्यावर बरंच काही राहतं, हे त्यांना कळत होतं, पण नेकनूरच्या थांब्यावर एक बाई टोपलीभर जांभळं घेऊन चढली आणि विचार तिच्याकडे गेला. दोघी बहिणींची लग्नं एकाच मांडवात झाली होती. एकच आचारी, एकच भटजी, एकच फोटोग्राफर. सुंदरराव कारखान्याच्या जीपमधून आले, हे त्या काळी कमी नव्हतं. विजयसिंह घोड्यावरून आले. घोडा नवखा होता, मांडवाच्या तोंडाशी बिचकला, विजयसिंहांचा फेटा सुटून वाजंत्रीवाल्याच्या डोक्यावर पडला आणि सगळा मांडव हसला. त्यानंतर थोड्याच वेळानं काढलेला फोटो आहे. फोटोत चार नवरे-नवऱ्या पाटावर उभे आहेत आणि गीताबाई, त्यांची स्वतःची नवरी, हळदीच्या हातानं तोंड झाकून हसते आहे, दुसऱ्या नवऱ्याच्या कसाबसा परत गुंडाळलेल्या फेट्याला. सुंदररावांचा फेटा त्या फोटोत नीट आहे. तो दिवसभर नीट राहिला. त्याच्याकडे कुणी पाहिल्याचं फोटोत दिसत नाही. पुढे पहिल्या धोंड्याला सासऱ्यांनी दोघांना चांदीचं एकेक निरांजन दिलं. सारखंच होतं. पण सुंदररावांना आपलं हातात हलकं लागलं, आणि त्यांनी बीडला सोनाराकडे जाऊन ते तोलून घेतलं. सोनारानं वजन सांगितलं. मग ते दुकानातच उभे राहिले, कारण दुसऱ्या निरांजनाचं वजन माहीत नसताना या वजनाचं काय करायचं हे त्यांना सुचेना. तो आकडा त्यांना अजून पाठ आहे. त्यानं कधीच काही सांगितलं नाही.

कारखान्यावर बरं होतं. कडा गावाकडच्या त्या साखर कारखान्याच्या कॉलनीत सगळे क्वार्टर सारखे, दारं सारखी, नळांची गळतीही सारखी. तिथं मत्सर करायचा तर तुळशीच्या कुंडीपर्यंत खाली यावं लागे, आणि शेतकी अधिकाऱ्याच्या हुद्द्याला ते शोभत नसे. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सुटला, बीडला भाड्यानं राहायची वेळ आली, आणि त्याच सुमाराला विजयसिंहांच्या नव्या घराची वास्तुशांत निघाली. त्या दिवशीचं सुंदररावांना जेवण आठवत नाही, पाहुणे आठवत नाहीत. आठवतं ते असं, की वनमाला बहिणीला घर दाखवत होती आणि ते मागून चालत होते. स्वयंपाकघरात गीताबाई ओट्यापाशी थांबल्या. काळा, गुळगुळीत, लांब ओटा. वरच्या खिडकीतून उजेड सरळ त्याच्यावर पडत होता. त्यांनी तळहात त्याच्यावर ठेवला, उन्हातून आल्यावर माठाला लावतात तसा, आणि तसाच ठेवला. काही बोलल्या नाहीत. छान आहे म्हणाल्या असत्या तर सुंदररावांनी दगडाला तडे जातात म्हणून सांगितलं असतं. आपल्यालाही असा हवा म्हणाल्या असत्या तर बघू म्हणाले असते. न बोललेल्या वाक्याला उत्तर देता येत नाही. तो हात उचलला गेला तेव्हा ओट्यावर क्षणभर दमट पंजा उमटला आणि सुकून गेला. त्या दिवसापासून सुंदरराव घर बांधत होते. आणि गंमत अशी, की कराराच्या पानापानावर खांब होते, जोतं होतं, कठडा होता. ओट्याबद्दल एक ओळ नव्हती. हे त्यांच्या आत्ता, केजच्या अलीकडे, लक्षात आलं, आणि लगेच त्यांनी खिडकीबाहेर बघून पाटी वाचली.

घाटनांदूरला रिक्षातून उतरले तेव्हा विजयसिंह अनवाणीच पायऱ्या उतरून आले. माजी पंचायत समिती सदस्य, पण पायात चप्पल नाही, अंगात बनियन. "या या या, साडूभाऊ! वाळून गेलात की उन्हात. आक्का, तुमी इकडून या, ढाळावरून." पोर्चच्या बाजूला कोब्याचा एक रुंद उतार केला होता, खरखरीत, त्याला लोखंडी पाइपचा कठडा. साखराबाईंसाठी केला होता. आधी तो नव्हता की आपण पाहिला नव्हता, हे सुंदररावांना आठवेना. गीताबाई त्या उतारावरून चालत गेल्या, कठड्याला हात न लावता, बहिणीशी बोलत. सुंदरराव मात्र पायऱ्यांनीच चढले. प्रत्येक पायरीला त्यांनी तिची उंची नडगीवर अंदाजली. एका खांबाला टेकल्यासारखं करून त्याला हाताचा वेढा घातला आणि किती बोटं उरतात ते पाहिलं.

"काय बगताय, साडूभाऊ?"

"काही नाही. गार लागतो."

"लागतोच. घ्या टेकून निवांत. मी तर दुपारी त्यालाच टेकून झोपतो," विजयसिंह म्हणाले आणि स्वतः दुसऱ्या खांबाला टेकून उभे राहिले, सोबत म्हणून.

मोजपट्टी खिशातच राहिली. कारण ओसरीवर आसाराम बसला होता, बशीतून चहा पीत. विजयसिंहांच्या गोठ्यावर पत्रे टाकायचं काम त्याच्याकडे होतं. सुंदररावांना पाहून तो उठला आणि काखेतली प्लास्टिकची पिशवी त्यानं थोपटली. "स्टँप आणलाय, साहेब. आज तुमी येणार कळलं. म्हणलं सही करूनच जावा." अधिक महिना आहे म्हणून सुंदररावांनी सांगून पाहिलं. "पाया खांदाया मुहूर्त लागतो, साहेब. सहीला कशाचा?" आसाराम म्हणाला. हे सुंदररावांचंच म्हणणं होतं, दुसऱ्याच्या तोंडून आलं की वेगळं ऐकू येत होतं. जेवण झाल्यावर बघू, असं ते म्हणाले.

जेवायला दोघे जावई शेजारीशेजारी पाटावर बसले. खोली गार होती, पुरणाचा आणि ताज्या तुपाचा वास होता. मोठा जावई म्हणून पहिली ओवाळणी सुंदररावांची. निदान एवढ्या एका गोष्टीत वर्षानुवर्षं काही गडबड झालेली नव्हती. वनमालानं आईचा हात धरून तिला समोर आणलं. साखराबाईंना आता सावल्याच दिसत. त्यांनी तबक उचललं, डाव्या सावलीकडे एकदा पाहिलं, उजव्या सावलीकडे एकदा, आणि उजवीला ओवाळू लागल्या. उजवीकडे विजयसिंह होते. सुंदररावांच्या कपाळाची कातडी, जिथं कुंकू लागायचं होतं तिथंच, ताणल्यासारखी झाली. "आई," विजयसिंह हळू म्हणाले, "मोठे जावई इकडं हायत," आणि त्यांनी म्हातारीचं मनगट दोन बोटांनी धरून ज्योत सावकाश डावीकडे वळवली. तेल सांडलं नाही. साखराबाई म्हणाल्या, "व्हय का? चुकलं बाई. बापू, रागावू नका." सुंदरराव म्हणाले, छे छे. ती ज्योत त्यांच्या तोंडासमोरून फिरत असताना त्यांना वाटत होतं, हे मनगट वळवलं नसतं तर किती बरं झालं असतं. मग आपल्याकडे एक खराखुरा, हातात धरता येईल असा अन्याय राहिला असता. त्यांनी धोंडे खाल्ले. विजयसिंहांनी वाढणाऱ्या वनमालाला दर वेळी सांगितलं, आधी तिकडं वाढ. ते खात राहिले.

ताटं बाजूला सरली आणि आसारामनं कागद आणला. पाटावरच बसून राहा साहेब, म्हणाला, जावयाच्या मानाच्या जागेवर सही होऊ द्या. साक्षीदार म्हणून घरचेच पाव्हणे हायत. आणि सुंदररावांना काही म्हणायला सुचायच्या आत कागद विजयसिंहांच्या मांडीवर गेला होता. "वाचून सही करावं बाबा मानसानं," असं म्हणत विजयसिंहांनी बनियनला अडकवलेला चष्मा डोळ्यांना लावला. आसारामनं पेनचं टोपण काढून धरलं. सुंदररावांनी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला सुरुवात केली. आता रागावेल, त्यांना वाटलं. निदान दुखावेल. निदान एकदा बघेल आपल्याकडे, म्हणजे इतक्या वर्षांत त्याला एकदा तरी कळेल. वीज चमकल्यावर गडगडाटाची वाट बघावी तसे ते बसले होते, आणि त्या वाट बघण्यात भीतीच्या खाली काहीतरी गोड होतं.

"आरं!" विजयसिंह ओरडले. "माजं नाव हाय की ह्याच्यात!"

त्यांचा चेहरा उजळला होता. निवडणुकीच्या पॅनेलमध्ये नाव आल्यावर उजळतो तसा. "वनमाला, ये की हिकडं. हे बग. खांब, सदर घराच्या खांबांहून जाड. सदर घर म्हंजी आपलं. फरशी, सदर घरापेक्षा चकचकीत. आता ह्या फरशीवर काल आईचा पाय सटकला व्हता, ह्याच्यापेक्षा चकचकीत म्हंजी लई चकचकीत झाली. आई, आपलं घर स्टँपवर गेलं!" साखराबाई म्हणाल्या, चांगलं झालं. वनमाला तोंडाला पदर लावून वाचत होती. तिनं एकदा दाजींकडे पाहिलं आणि एकदा बहिणीकडे, आणि सुंदररावांना कळलं, की या घरात एका माणसाला सगळं समजलं आहे आणि तो माणूस विजयसिंह नाही.

"तुम्ही बांधलं तेव्हा... करारात काय लिहिलं होतं?" सुंदररावांनी विचारलं. आवाज त्यांना स्वतःला लांबून आल्यासारखा वाटला.

"आमी? आमचा कुटला करार. मी म्हणलं, आसाराम, हिच्या वट्यावर उजेड पडू दे, आन् जोतं बेताचं ठेव. बाकी तुला काय करायचंय ते कर बाबा."

"पुढं ढाळ वाढीवला," आसाराम म्हणाला.

सुंदरराव बसल्या जागेवरून ती खोली बघू लागले. मग दारातून दिसणारी दुसरी खोली, आणि तिच्या पलीकडे पोर्च, खांब, ऊन. ते शोधत होते. इतक्या मोठ्या घरात एखादी तरी गोष्ट अशी असेल, एखादा कोपरा, एखादी जाळी, जी आपल्याला डिवचण्यासाठी केली असेल. वास्तुशांतीच्या दिवशी त्यांनी सगळं घर तसंच पाहिलं होतं, प्रत्येक खांब आपल्या छातीवर रोखलेला. आता पाहिलं तर खांब स्लॅब धरून उभे होते. खिडकी वनमालासाठी होती, ढाळ म्हातारीसाठी, गोठ्याचे पत्रे म्हशींसाठी. या घराच्या विटाविटांत सुंदरराव कुठेच नव्हते. विजयसिंहांनी घर बांधताना त्यांची एकदाही आठवण काढली नव्हती. हा अपमान इतका संपूर्ण होता, की त्याच्यात राग धरायला कुठं बोटही शिरेना. आपल्या कराराच्या पानापानावर हा माणूस बसलाय, आणि याच्या घरात आपल्याला खुंटीएवढीही जागा नाही. एवढी वर्षं ही ओढाताण चालली होती तिच्या दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतंच. दोर कशाला तरी बांधलेला असावा.

विजयसिंह अजून वाचत होते. "जोतं, वीतभर वर," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच थांबले. "बांधा की. लई रुबाब दिसंल. पर आक्का कशी चढायची, साडूभाऊ?"

गीताबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभ्या होत्या, ओल्या हातांनी. "मी कशाला चढतीया," त्या म्हणाल्या. "मी खालीच ऱ्हाईन की. ह्यांचं जेवायचं ताट तेवढं वर सरकवून देत जाईन."

सगळे हसले. विजयसिंह मांडीवर थाप मारून हसले, आसाराम तोंड वळवून हसला, साखराबाई कशाला ते न कळताही हसल्या. गीताबाईही हसत होत्या, पण तोंड झाकायला हात गेला नव्हता. हात पदराला पुसत होत्या, पुसून कोरडे झाले तरी पुसत होत्या. सुंदररावांना ते जोतं दिसलं. टेकावरचा प्लॉट, त्यावर ते उंच जोतं, त्यावर जाड खांब, लांबून उठून दिसणारा रंग, आणि मधोमध ते स्वतः, एकटे, चकचकीत फरशीवर मांडी घालून. खालून एक ताट सरकत येतं. ताट सरकवणारा हात दिसतो, तळहात दिसतो. चेहरा दिसत नाही, कारण जोतं आडवं येतं.

"कुटं करू सही? हितं साक्षीदार लिवलंय तितं?" विजयसिंहांनी पेन घेतलं होतं. ते खरोखरच करायला निघाले होते. आपल्या घरापेक्षा सगळं वरचढ असावं या करारावर, पेनाचं टोक जिभेला लावून, आनंदानं.

"थांबा," सुंदरराव म्हणाले. "सही नको."

"काय झालं, साहेब?" आसाराम म्हणाला.

"आमच्या मॅडम आहेत बीडला. त्या लिहून देतील. नकाशा, मापं, टप्पे, सगळं. त्यावर करू." मग त्यांना आणखी एक वाक्य बोलायचं होतं. ते पाणी प्याले. "जोतं खाली घ्या."

"किती खाली?"

"हिला चढता येईल एवढं."

"मग ते साडूच्यापेक्षा खाली जातंय बगा," आसाराम म्हणाला. धंद्याचा माणूस, गिऱ्हाइकाला आधी बजावणं त्याचं कामच. "आत्ताच सांगतो. मागनं म्हणू नका."

"जाऊ दे."

हे दोन शब्द तोंडातून गेले तेव्हा जागा मोकळी झाली, हलकं वाटलं, असं काही झालं नाही. दाढ काढल्यावर जीभ तिथंच जाते तसं मन तिथंच जात राहिलं. "आणि ओटा," ते म्हणाले. "ओटा लांब पाहिजे. वर खिडकी. उजेड सरळ पडला पाहिजे. कसा ते हिला विचारा." गीताबाईंचे हात पदरात थांबले. सुंदररावांनी तिकडे बघायचं टाळलं आणि घाईघाईनं पुढे म्हणाले, "ढाळ पण करायचा. पोर्चपासून. आणि ढाळ मात्र ह्यांच्यापेक्षा..."

वनमाला हसू दाबत होती. ते थांबले. "ढाळ बेताचा," ते म्हणाले.

आसारामनं कोरा राहिलेला सहीचा रकाना एकदा बघितला, टोपण लावलं, आणि कागद पिशवीत घालून चहा मिळेल का म्हणून आत आवाज दिला. विजयसिंह थोडे हिरमुसले होते. स्टँपवर नाव येता येता राहिलं होतं. सुंदररावांना वाटलं, आता इथून उठावं. फार काही बोलू नये. शांतपणे उठावं, उपरणं खांद्यावर टाकावं, पोर्चमध्ये जाऊन खांबाला न टेकता उभं राहावं आणि लांब रानाकडे बघावं; म्हणजे आत बसलेल्यांना, विशेषतः उंबऱ्यातल्या माणसाला, पाठमोरं कळेल, की या माणसानं आज काहीतरी सोडलं आणि ते सोडताना त्याची मान ताठ होती. त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं. डावा हात जमिनीला टेकला. उजवा पाय सोडवून बघितला, तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा होता. गुडघ्यात काहीतरी कट्‌ वाजलं, ते सगळ्यांनी ऐकलं. त्यांनी पुन्हा जोर लावला, पाट फरशीवरून मागे सरकला आणि ते होते तिथेच, चार बोटं उंचीच्या पाटावर, परत बसले.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "जरा हात द्या."